कपालभाती: जोर कुठे, किती?
हठप्रदीपिका या योगग्रंथात कपालभाती प्राणायामात नव्हे, षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत मोडते. जोर फक्त उच्छ्वासाला द्यायचा. पोट झटक्यात आत जातं, हवा नाकातून बाहेर पडते. श्वास आपोआप आत येतो, तो ओढायचा नाही. खांदे उडत असतील, चेहरा वाकडा होत असेल तर वेग कमी करा. नवख्याने 15-20 झटके मारून थांबावं, साधा श्वास घ्यावा. वेगाची शर्यत टीव्हीवरच शोभते. घाईत रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. ही काही कुंडलिनी जागी झाल्याची खूण नव्हे. तिथेच थांबा.

पोट रिकामं हवं. गरोदरपणात कपालभाती करूच नये. हर्निया, अपस्मार, काचबिंदू, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.