घरचा डॉक्टर कां करपतो ?

दिव्यांतील तेल संपलें कीं वात स्वतःच जळूं लागते. उजेड मंदावतो आणि काजळी वाढते. दुसऱ्यांसाठीं वर्षानुवर्षें राबणाऱ्यांच्या मनाचीहि कधीं कधीं अशीच अवस्था होते. इंग्रजींत तिला 'बर्नआउट' म्हणतात. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनीं १९७४ सालीं या करपण्याचें वर्णन केलें. पुढें २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्याचीं तीन लक्षणें सांगितलीं : शक्ति आटणें, कामाविषयीं दुरावा किंवा कडवटपणा येणें, आणि आपल्या हातून कांहीं नीट होत नाहीं असें वाटणें. संघटनेनें यास रोग म्हटलें नाहीं. कामाच्या जागीं सतत पडणारा व न आवरलेला ताण हें त्याचें मूळ ठरविलें. मूळ कामाच्या मांडणींत असेल तर उपायहि तेथेंच शोधला पाहिजे.

कोल्हापूरच्या उत्तरेस असलेला कसबा बावडा पाहावा. महानगरपालिकेच्या हद्दींत असूनहि त्याचा गांवपणा लोपलेला नाहीं. उसाचीं शेतें, राजाराम सहकारी साखर कारखाना आणि पंचगंगेवरील राजाराम बंधारा या त्याच्या ठळक खुणा. येथें वैद्यकीय महाविद्यालय आहे, सरकारी सेवा रुग्णालयहि आहे. तरीहि अशा वस्तींत अंगांत ताप भरला कीं माणूस प्रथम वळतो तो गल्लीच्या तोंडावरील दवाखान्याकडे. कारण तेथील डॉक्टरास आजोबांचा दमा ठाऊक असतो आणि सुनेचें बाळंतपणहि. हा जाणता माणूस करपला, तर घराची पहिली ओळखीची पायरीच खचते.

त्याच्या थकव्याचें पहिलें कारण हें कीं कामाच्या वेळेला कुंपण नसतें. सकाळ-संध्याकाळ दवाखाना चालतोच. परंतु शेतकरी दिवेलागणीनंतर मोकळा होतो, कामगार पाळी संपल्यावर येतो. दार लावतांना "डॉक्टर, तेवढं जरा बघा की !" अशी हांक येते, आणि ती मोडवत नाहीं. घरीं गेल्यावर तीच हांक मोबाइलवरून येते.

दुसरें कारण घाईचें. ६७ देशांतील माहितीवरून २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत डॉक्टर-रुग्ण भेटीचा सरासरी काळ बांगलादेशांत ४८ सेकंद, तर स्वीडनमध्यें साडेबावीस मिनिटें आढळला. जगाच्या सुमारें निम्म्या लोकसंख्येस पांच मिनिटें किंवा त्याहूनहि कमी वेळ मिळतो. मधुमेह्यास आहार समजावून द्यावा, रक्तदाब कां वाढला तें विचारावें, हें डॉक्टर जाणतो. पण बाहेर बांकावर माणसें खोळंबलेलीं असतात. योग्य काय तें कळूनहि करतां न येणें ही टोंचणी श्रमाहून अधिक झिजविते.

तिसरें कारण एकटेपणाचें. तोच डॉक्टर, तोच कारकून, तोच खजिनदार. क्षयरोग्याची नोंद कळविणें २०१२ पासून खाजगी डॉक्टरांसहि बंधनकारक झालें. दवाखान्यांतील कचऱ्याचे नियम २०१६ मध्यें नव्यानें आले. हे नियम समाजाच्या हिताचेच आहेत. परंतु मोठ्या रुग्णालयांत जें काम चार हात वांटून घेतात, तें येथें दोन हातांवर पडतें. शिवाय दवाखाना बंद ठेवावा तर त्या दिवसाची कमाई बुडते.

चौथें कारण भीतीचें. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठीं महाराष्ट्रानें २०१० सालीं कायदा केला व तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेविली. पण कायदा धांवतो तो मार बसल्यावर. एकट्यानें दवाखाना चालविणाऱ्यास संतापलेला जमाव आंवरणें कठीण.

यांत नदीची भर पडते. राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फूट ही धोक्याची पातळी होय. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्यें पाणी ५५ फुटांच्याहि वर गेलें. पूर ओसरला कीं जुलाब, कावीळ, लेप्टोस्पायरोसिस यांची चिंता सुरू होते. अशा वेळीं डॉक्टराचें स्वतःचें घरहि चिखलांत असूं शकतें, आणि त्याच्या जागीं बसणारा दुसरा कोणी नसतो.

अशा माणसास 'विश्रांति घ्या' एवढेंच सांगणें म्हणजे तेल न घालतां वात पुढें सारणें होय. ब्रिटनमध्यें २००४ च्या करारानें रात्रीची व सुटीच्या दिवसांची जबाबदारी सोडण्याची मुभा घरच्या डॉक्टरांस मिळाली व ती व्यवस्था स्थानिक आरोग्य संस्थांकडे गेली. येथें तेवढी सोय नसली, तरी शेजारच्या चार-पांच डॉक्टरांनीं रात्र व रविवार पाळीनें वांटून घेणें, नोंदींसाठीं मिळून एक कारकून ठेवणें, जुनाट आजारांच्या रुग्णांस निराळी वेळ देणें अशक्य नाहीं. रुग्णांचाहि यांत वांटा आहे. उद्यां चालेल असें दुखणें उद्यां दाखवावें, आणि पाळीवर असलेल्या दुसऱ्या डॉक्टरावरहि विश्वास ठेवावा. घरच्या डॉक्टरानें घर सांभाळावें असें वाटत असेल, तर त्यालाहि स्वतःचें घर आहे याचें स्मरण घरानें ठेविलें पाहिजे.