बदलीचं गाव आपलं करताना

“बोईसरात पाहण्यासारखं आहे तरी काय?” नवऱ्याची नोकरी एम.आय.डी.सी.त किंवा अणुकेंद्रात लागली म्हणून इथं संसार मांडलेल्या दहाजणींना विचारा, नऊजणी हेच म्हणतील. रविवार उजाडला की मुलांना तयार करायचं आणि मुंबई गाठायची. दादरची खरेदी, बहिणीकडे जेवण आणि रात्री दमूनभागून परत. एप्रिल २०१३ पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत येऊ लागली आणि ही धावपळ आणखी सोपी झाली. वर्षं जातात, मुलं इथल्याच शाळेत मोठी होतात, पण गाव काही आपलं होत नाही. “कुठल्या तुम्ही?” असं विचारलं की तोंडातून अजून माहेरचंच नाव येतं. हो की नाही?

आता थोडं लांबचं सांगते. युरोपच्या सहलीला जाऊन आलेली एखादी मैत्रीण तुम्हालाही असेल. दहा दिवसांत सात देश! पॅरिसमध्ये काय पाहिलंस म्हटलं तर आयफेल टॉवर आणि बसची खिडकी. म्हणून तिकडे काही शहाणे प्रवासी आता एकाच शहरात आठ-दहा दिवस खोली घेऊन राहतात. तिथल्या मंडईत भाजी घेतात, शेजारणीशी खुणांनी का होईना बोलतात. इटलीतल्या काही लहान शहरांनी तर १९९९ साली ‘चित्तास्लो’, म्हणजे संथ शहर, अशी चळवळच सुरू केली. वाहनांची घाई कमी, गावच्या पिकाला आणि गावच्या स्वयंपाकाला मान. आपल्याला यासाठी पासपोर्ट नको. एस.टी.चं तिकीट, पाण्याची बाटली, छत्री आणि एक कापडी पिशवी पुरे. एका रविवारी एकच गाव, एवढं मात्र पाळायचं.

सुरुवात नावापासूनच करा. तारापूर म्हणून आपण ज्याला ओळखतो ती औद्योगिक वसाहत बोईसरला आहे. १९६९ साली सुरू झालेलं अणुवीजकेंद्रही खुद्द तारापुरात नाही, जवळच्या किनाऱ्यावर आहे. खरं तारापूर म्हणजे खाडीकाठचं जुनं गाव. खाडीच्या अलीकडे तारापूर, पलीकडे चिंचणी. मधे पूल, आणि पूल ओलांडला की तालुका बदलतो – पालघरचा डहाणू होतो! इथला किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. वसईची लढाई शाळेत सगळ्यांनी घोकलेली असते, तारापूरची कुणाला आठवत नाही. आत जायचं तर आधी परवानगी विचारा. नाहीतर बाहेरून तटाला वळसा घाला, तेवढंही छान आहे.

सातपाटीला मात्र सबंध दिवस द्या. पालघर स्टेशनच्या पश्चिमेहून एस.टी. आणि शेअर रिक्षा दोन्ही मिळतात. वाटेत शिरगावला उतरून किल्ला पाहून घ्या. आतलं फांद्या फुटलेलं ताडाचं झाड मुलांना दाखवा. एका बुंध्याला अनेक शेंडे असलेला ताड सहसा पाहायला मिळत नाही.

सातपाटी म्हणजे पापलेट. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं पापलेटला ‘राज्य मासा’ म्हणून जाहीर केलं. तोवर हा मान कुठल्याच माशाला नव्हता. इथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्था फार जुन्या. होडीतून आलेलं पापलेट तिथं वजन करून घेतलं जातं आणि बरंचसं बाहेर निघून जातं. बंदरावर उभं राहून हे पाहाच. समुद्रावर पुरुष जातात, पण मासळी एकदा किनाऱ्याला लागली की सगळा कारभार बायकांचा. भाव, हिशेब, उधारी, सगळं तोंडपाठ! घाई करू नका. “मावशी, आज काय आलंय?” एवढं विचारा आणि थांबा. पहिल्या खेपेला फक्त भाव कळेल, तिसऱ्या खेपेला कालवणाची रीत कळेल.

आणि घेताना डोळा चकचकीत, कल्ले लाल आणि अंग दाबल्यावर खळगा न राहणारं असं पापलेट घ्या. तळहाताएवढं पिल्लू स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. ते मोठं होऊन अंडी घालण्याआधीच आपल्या तव्यावर आलं, तर पुढच्या वर्षी मावशींच्या पाटीत काय येणार? पापलेट पूर्वीसारखं मिळत नाही हे तिथं कुणीही सांगेल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा गेलात तर सुकटीच्या गोष्टी करा.

किनाऱ्यावर जाण्याआधी भरती-ओहोटीचा हिशेब आलाच पाहिजे. घरातलं कालनिर्णय काढा. तिथीची पाऊणपट करा, ती साधारण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. थोडं मागंपुढं होतं, तेव्हा खडकांवर मुलांना सोडण्याआधी तिथल्या माणसांना विचारायचंच. पण हिशेब आला की केळव्याला जाणंही सोपं. केळवे रोडला उतरा, शीतलादेवीचं दर्शन घ्या, सुरूच्या सावलीत डबा खा. परत येताना माहीमकडच्या वाड्यांमधून विड्याच्या पानांचे मळे बघा.

पालघरच्या बाजारात पावसाच्या तोंडावर जा. गावोगावच्या आदिवासी बायका शेवळं, टाकळा, करटुली घेऊन बसतात. शेवळं घ्यायची तर बरोबर काकडंही मागून घ्या. त्यांच्याशिवाय किंवा चिंचेशिवाय केली तर घसा खाजलाच म्हणून समजा! भाव पाडू नका हो. ती बाई पहाटे रानात गेलेली असते. तिथून हुतात्मा चौकात या. १४ ऑगस्ट १९४२ रोजी इथं निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाचजण गेले. स्तंभावरची नावं मुलांना मोठ्यानं वाचायला सांगा. ती याच आसपासच्या गावांतली माणसं.

चिंचणीचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तिथं राष्ट्रकूटांच्या काळातले ताम्रपट सापडले, त्यातला एक इ.स. ९२६ चा. त्या वेळी संजाण भागाचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीनं मुहम्मद नावाचा एक परदेशी वंशाचा अधिकारी पाहत होता. त्यानं काय केलं ठाऊक आहे? लोकांसाठी नदीवर फुकट नावा ठेवल्या आणि अन्नछत्र घातलं, जिथं साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. हजार वर्षांपूर्वीही इथं बाहेरून आलेली माणसं होती, आणि त्यांनी इथं अन्न रांधलं. आपण काही पहिल्या नव्हे!

चिंचणीच्या पुढं वरोर, वाढवण. या पट्ट्यात घरोघरी दागिन्यांचे डाय, म्हणजे साचे, कोरतात. तुमच्या कानातल्या फुलाचा साचा कदाचित इथंच कुणी खिडकीशी बसून कोरला असेल. ओळखीनं एखादं घर मिळालं तर जरूर पाहा.

आणि हे सगळं पुढच्या वर्षी बघू, असं म्हणू नका. अणुकेंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. आता तिथं हिंडता यायचं नाही. औद्योगिक वसाहतीनं हजारो घरांच्या चुली पेटवल्या, तुमची-माझीसुद्धा. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूरच सर्वांत प्रदूषित ठरलं. वाढवणच्या प्रचंड बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये पालघरला पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा सुमारे ७६,००० कोटी. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी बंदराला वर्षानुवर्षं विरोध केला आहे. बंदर हवं की नको, यावर घरोघरी वाद आहेत, तुमच्याही घरात होतील. पण ज्या किनाऱ्याबद्दल बोलायचं तो आपण एकदाही पायी न पाहता बोलावं, हे मला पटत नाही.

तेव्हा या रविवारी चिंचणीची गाडी धरा. परतीच्या शेवटच्या एस.टी.ची वेळ स्टँडवर उतरतानाच विचारून ठेवा. संध्याकाळी गर्दी फार असते. आणि समुद्रावरून येताना भाजीवालीकडे ताडगोळे दिसले – उन्हाळ्यात दिसतीलच – तर जरा कोवळे निवडून द्यायला सांगा. जून असले की मुलं हात लावत नाहीत.