पंधरा दिवसांत मिस्त्री होता येतं का?

कापसाचा शेवटचा वेचा घरी आला, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचली, की यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पुढचे दोन-तीन महिने तुलनेने मोकळे असतात. ‘तीन महिन्यांत इलेक्ट्रिशियन’, ‘नोकरीची हमी’ असले फलक डोळ्यांत भरतात ते याच दिवसांत, आणि पारावर त्यांची चर्चाही तेव्हाच रंगते. चर्चेत दोन पक्ष ठरलेले. एक म्हणतो, चाळिशी उलटल्यावर आता कोण शिकवतं? दुसरा म्हणतो, पंधरा दिवसांचा कोर्स कर, सर्टिफिकेट घे, उद्यापासून तू मिस्त्री. पहिल्याचं ऐकून माणूस घरी बसतो आणि दुसऱ्याचं ऐकून पैसा आणि उन्हाळा दोन्ही घालवतो. दोघांचीही माहिती ऐकीव असते, म्हणून नियम नेमके काय आहेत ते एकदा नीट पाहिलेलं बरं.

‘आता शिकायचं वय राहिलं का?’

कागदावर तरी राहिलेलं आहे. आयटीआयच्या प्रवेशाला किमान १४ वर्षं पूर्ण असावी लागतात. कमाल वयाची अट नाही. हे सांगितलं तर पटकन कोणी विश्वास ठेवत नाही, कारण आयटीआय म्हटलं की मिसरूड फुटलेली पोरंच नजरेसमोर येतात. वेल्डर, वायरमन, प्लंबर अशा काही ट्रेडना तर दहावी नापासही चालतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेला १८ वर्षं पूर्ण एवढीच वयाची अट आहे.

ड्रोनचं उदाहरण तर इथे मुद्दाम द्यायला हवं. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे दहावी पास असलेल्या १८ ते ६५ वयाच्या माणसाला, मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण पूर्ण केल्यावर, ड्रोनचालकाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. बचत गटांतल्या महिलांसाठीच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत हे प्रशिक्षण १५ दिवसांचं आहे: ५ दिवस ड्रोन उडवण्याचे आणि १० दिवस शेतीतल्या फवारणीचे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यातले वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. पाठीवरचा पंप उतरवून वावराच्या कडेला उभं राहून फवारणी करता येणं ही इथल्या माणसाला चैन वाटणार नाही.

मग ‘पस्तिशीनंतर सरकारी कोर्स मिळत नाही’ ही गावोगाव ऐकू येणारी अट आली कुठून? ती काही ठरावीक योजनांची आहे. २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयोगटासाठी आहे. नावातच ‘युवा’ आहे. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेची मर्यादाही सर्वसाधारणपणे ३५ च आहे, पण महिला, दिव्यांग आणि आदिम जमातींसाठी ती ४५ पर्यंत जाते. जिल्ह्यातला कोलाम समाज आदिम जमातींत मोडतो, त्यामुळे झरी जामणी किंवा केळापूर तालुक्यातल्या एखाद्या पोडावरच्या, म्हणजे कोलाम वस्तीतल्या, चाळीस वर्षांच्या माणसाला ‘तुझं वय गेलं’ म्हणून परत पाठवणं नियमाला धरून नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात अल्पमुदतीचे कोर्स ४५ पर्यंत आणि अनुभवाला मान्यता देणारा भाग ५९ पर्यंत आहे. एका योजनेची अट दुसरीला चिकटवून गावोगाव निकाल दिले जातात, ही खरी अडचण.

आयटीआयची खरी अट वेगळीच आहे. वेल्डर आणि प्लंबरला एक वर्ष, इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमनला दोन वर्षं, आणि परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी. ज्याच्यावर घर चालतं त्याने दोन वर्षं रोज सकाळी वर्गात हजर कसं राहायचं, याचं उत्तर प्रवेशपुस्तिकेत नसतं.

‘कोर्स झाला, मिस्त्री झालो’

म्हणूनच झटपट कोर्सांकडे ओढा आहे, आणि तो रास्त आहे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, अग्रणी बँकांमार्फत जिल्ह्याजिल्ह्यांत चालवल्या जातात. कल्पना मूळची कर्नाटकातली. १९८२ साली धर्मस्थळ ट्रस्ट आणि दोन बँकांनी मिळून उजिरे इथे तिची सुरुवात केली. प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा. आरसेटीतल्या मोटर रिवाइंडिंगच्या कोर्सची मुदत आहे ३० दिवस.

तीस दिवसांत काय येतं? जळालेली मोटर उघडायची. जुनी वाइंडिंग तोडण्याआधी एका कॉइलमध्ये तारेचे वेढे किती, तारेचा गेज किती, कॉइल कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत गेली आहे, जोडणी स्टार आहे की डेल्टा, हे वहीत टिपायचं. मग तांबं काढून खाचा साफ करायच्या, इन्सुलेशनचा कागद घालायचा, फर्म्यावर नवी कॉइल गुंडाळून खाचांत बसवायची, जोडण्या करून बांधायचं, वॉर्निश देऊन सुकवायचं आणि शेवटी मेगरने इन्सुलेशन तपासायचं. विहिरीवरच्या साध्या मोटरीला इनॅमलची तार लागते. बोअरमधल्या पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलला प्लास्टिकचं आवरण असलेली तार लागते, आणि ती खाचांतून हाताने एकेक वेढा ओढून भरावी लागते. नवशिक्याची नेहमीची चूक कोणती, तर घाईघाईने तार तोडायची आणि वेढे मोजायचे राहून जायचे. महिनाभर रोज हात चालवला तर धडधाकट नजरेचा कोणीही माणूस इथपर्यंत पोचतो. हे शिकायला वय आड येत नाही. जवळचं दिसायला चष्मा मात्र लागतो, तो घ्यावा.

तीस दिवसांत येत नाही ते म्हणजे मोटर का जळली हे ओळखणं. एक फेज गेल्याने जळली, व्होल्टेज कमी असल्याने जळली, पाणी आटलेल्या बोअरमध्ये कोरडी फिरली, की पंप गाळाने जाम झाला? कारण न शोधता वाइंडिंग भरून दिली तर तीच मोटर आठ दिवसांत दुकानाच्या दारात परत येते, सोबत चिडलेलं गिऱ्हाईकही येतं. हे ज्ञान दोन-तीन रब्बी हंगाम एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या दुकानात बसल्याशिवाय येत नाही. कोर्स त्या दुकानात पाऊल ठेवण्याची लायकी देतो. ती काही लहान गोष्ट नव्हे; पण फलकावर लिहिलेलं असतं त्यापेक्षा ती बरीच वेगळी आहे.

इथे अर्धवट हुनर असलेला माणूस पुढे निघून जातो. गवंड्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं माल कालवलेल्या बिगाऱ्याला ओळंबा आणि लेव्हलची नळी नवी नसते. तीन, चार आणि पाच फुटांच्या मापाने कोपरा काटकोनात आणतात हे त्याने शंभरदा पाहिलेलं असतं. स्वतः दोरी धरलेली नसते इतकंच. घरकुल योजनेतल्या ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाचे ४५ दिवस अशाच माणसाच्या कामाचे, कारण त्यात प्रत्यक्ष घर बांधताना शिकवतात. ज्याने कधी थापी धरलीच नाही, त्याला तेच ४५ दिवस तोंडओळखीपुरते पडतात. उलट ज्याच्या हातात काम मुरलेलं आहे पण कागद नाही, त्याला कोर्सचीच गरज नसते: पूर्वानुभवाला मान्यता देण्याच्या योजनेत थोड्या तासांची उजळणी आणि परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळतं.

‘सर्टिफिकेट म्हणजेच परवाना’

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तुम्ही शिकलात एवढं सांगतं. घरातली वायरिंग करायला कायद्याने वायरमनचा परवाना असलेला माणूस आणि परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो. परवाने देणारी यंत्रणा राज्याच्या विद्युत निरीक्षण विभागाशी जोडलेली आहे, कोर्स घेणाऱ्या केंद्राशी नाही. नव्या वीजजोडणीला लागणारा चाचणी अहवालही अशाच ठेकेदाराच्या सहीने जातो. म्हणजे तीन महिन्यांचा ‘इलेक्ट्रिशियन’ परवानाधारकाच्या हाताखाली काम करू शकतो. स्वतःच्या सहीने नाही.

वणीच्या कोळसा पट्ट्यात टिप्परवर जाऊ पाहणाऱ्यांचंही तसंच. तिथे दोन गोष्टी माहीत असाव्यात. व्यावसायिक वाहन चालवायला आठवी पास असण्याची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली, ती अजून आहे असं अनेकांना वाटतं. आणि जड वाहनाच्या परवान्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर असावा लागतो. त्यामुळे ‘महिन्यात हेवी लायसन्स’ म्हणणाऱ्याकडे पैसे भरण्याआधी आरटीओच्या खिडकीवर जाऊन यावं.

‘विश्वकर्मात नाव घातलं की नवा धंदा’

नाही. विश्वकर्मा योजना १८ ठरावीक पारंपरिक कामांसाठी आहे: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चर्मकार, शिंपी, न्हावी, परीट, गवंडी, टोपल्या-झाडू करणारे वगैरे. त्यात इलेक्ट्रिशियन नाही, प्लंबर नाही, मोटर मेकॅनिकही नाही. शिवाय ती आधीपासून तेच काम हाताने करत असलेल्यासाठी आहे, नव्याने धंदा बदलणाऱ्यासाठी नाही. पात्र असणाऱ्याला मात्र ती खरंच उपयोगी आहे. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, पुढे १५ दिवसांचं प्रगत, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, ५ टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. योजनेच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ ला शेजारच्या वर्ध्यात झाला, त्यामुळे नाव घरोघरी पोचलं. अटी तेवढ्या पोचल्या नाहीत.

‘नोकरी लागतेच’

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत अल्पमुदतीचे कोर्स पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना काम मिळाल्याची नोंद आहे, आणि ही सरकारचीच आकडेवारी. तेव्हा हमी हा शब्द ऐकला की सावध व्हावं.

जिल्ह्यात कारखाने नाहीत असं नाही. वणीला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत, मुकुटबनला २०२२ मध्ये सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिम विणलं जातं. पण कारखान्याच्या दारात आयटीआय केलेला विशीतला मुलगा आणि महिन्याचा कोर्स केलेला पंचेचाळिशीतला बाप दोघे उभे राहिले, तर पहिला कोण आत जाईल हे सांगायला नको. प्रौढ माणसाचं बळ गावात असतं. त्याला चार गावं ओळखतात, कोणाची विहीर कुठे आणि कोण उधारी ठेवतो हे त्याला ठाऊक असतं. म्हणून त्याच्यासाठी कोर्सनंतरचा रस्ता बहुतेकदा स्वतःच्या दुकानाकडे जातो. भांडवलासाठी अर्ज करतानाही वयाचा घोळ होतो: राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यात ४५ ची मर्यादा होती, महिला आणि मागास प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत, तर केंद्राच्या पीएमईजीपीला वरची मर्यादाच नाही. ४८ व्या वर्षी एका खिडकीवरून परत आलेल्याने दुसरी खिडकी पाहायला हवी.

‘फुकट आहे, जाऊन तर पाहू’

फी नसली तरी कोर्स फुकट नसतो. महिनाभर बुडणारी रोजी ही खरी फी, आणि चाळिशीत ती विशीपेक्षा जड जाते, कारण तेव्हा मुलांच्या शाळा आणि म्हाताऱ्यांची औषधं दोन्ही चालू असतात. सिंगापूरने हे ओळखलं. तिथे २०२४ मध्ये चाळिशीपुढच्या नागरिकांना शिकण्यासाठी ४,००० सिंगापूर डॉलर देण्यात आले, आणि २०२५ पासून पूर्णवेळ शिकणाऱ्यांना पूर्वीच्या कमाईच्या निम्म्यापर्यंत, महिना कमाल ३,००० डॉलर, भत्ता सुरू झाला. आपल्याकडे वय वाढलं म्हणून जास्त मदत असा विचार अजून रुजलेला नाही. विश्वकर्माचे रोजचे ५०० रुपये हाच काय तो जवळचा दाखला.

तेव्हा नाव घालण्याआधी केंद्रावर काही गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रमाणपत्र राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेच्या चौकटीतलं आहे का? एकूण तासांपैकी हाताने करायचे तास किती? दहा जणांत एक मोटर की प्रत्येकाला एक? शिकवणारा स्वतः कधी दुकानात बसला आहे का? आणि बॅच कधी सुरू होऊन कधी संपते? पुरेशी मुलं जमेपर्यंत बॅच पुढे ढकलली जाते. मार्चची एप्रिलात, एप्रिलची मेच्या अर्ध्यात. मेच्या अर्ध्यात सुरू झालेला ४५ दिवसांचा कोर्स जूनअखेर संपतो, आणि मृग बरसला की शिकाऊ वावरात असतो. हजेरी तुटते, परीक्षा हुकते. त्यापेक्षा फेब्रुवारीतच बॅचची तारीख लेखी मागावी, आणि ती उन्हाळ्यात नीट बसत नसेल तर दिवाळीनंतरची पाहावी.