मे महिन्यातलं रान मेलेलं नसतं

परीक्षा संपल्या की वनस्पतिशास्त्राची, पर्यावरणशास्त्राची मुलं रानात अभ्यासाला निघतात आणि घरातून पहिला प्रश्न येतो, 'एवढ्या उन्हात तिथे बघायला काय असणार? सगळं वाळलेलं!' तलासरी तालुक्यात गुजरातच्या सीमेलगत वेवजी, झरीच्या बाजूला मे महिन्यात फिरलं तर हा प्रश्न वरवर खराही वाटतो. साग उघडे पडलेले असतात, पायाखाली पाचोळा वाजत असतो.

पण हे पानझडीचं रान आहे. पाणी कमी पडलं की झाड पानं टाकतं, कारण सगळ्यात जास्त पाणी पानांतूनच उडून जातं. पानं गेली की खोडात पुन्हा ओल भरू लागते आणि पावसाची वाट न बघता ऐन उन्हात अनेक झाडांना पालवी फुटते. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये रात्रीतून गळतात. पाठोपाठ तांबूस पालवी येते. मे महिन्यात बहावा पिवळा होतो, कुडा पांढरा फुलतो, करवंदं पिकतात, पळसाच्या शेंगा लोंबू लागतात. पावसाबरोबर पानं खाणाऱ्या किड्यांचा सुकाळ होतो. त्याआधी फुटलेली पानं तोवर निबर झालेली असतात, म्हणून किड्यांना ती सहज खाता येत नाहीत. वाळलेल्या वाटणाऱ्या बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडली की बहुतेक वेळा खाली हिरवा पापुद्रा दिसतो. 'मृत' असा शेरा मारण्याआधी विद्यार्थ्याने एवढं तरी करायलाच हवं.

दुसरी समजूत अशी, की रानातला अभ्यास म्हणजे मचाणावर बसून जनावरांची वाट बघणं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसण्याचा अनुभव सुंदर असतो, यात शंका नाही. पण एकच जनावर दोनदा मोजलं गेलं की नाही, हे तिथे कळत नाही. ठशांवरची जुनी मोजणीही अशीच बेभरवशाची होती, म्हणून 2006 पासूनच्या देशव्यापी व्याघ्रगणनेत ती मागे पडून कॅमेरा ट्रॅप आणि संख्याशास्त्र आलं.

परिसंस्थेच्या अभ्यासातलं खरं काम बरंचसं दोरी आणि टेपचं असतं. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा आणि आतल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, मोजायचा. उतारावर झाडाच्या वरच्या अंगाला उभं राहून उंची धरायची. खोड त्याखालीच दुभंगलं असेल, तर दोन्ही फाट्यांचे घेर वेगवेगळे लिहायचे. झाडांना नंबर देऊन दर आठवड्याला त्याच झाडांकडे जायचं आणि कळी, फूल, फळ, पालवी कुठवर आली ते टिपायचं. हे कंटाळवाणं वाटतं खरं, पण पुढच्या वर्षीची तुलना याच आकड्यांवर उभी राहते.

'माणसाचा हात न लागलेलं जंगल' ही तिसरी कल्पना तर या भागात टिकतच नाही. ऐनाची कितीतरी झाडं खांबासारखी उभी दिसतात, कारण भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजायला, म्हणजे रोपाच्या जागेवर जाळायला, त्यांच्या फांद्या छाटलेल्या असतात. अशा झाडाचा घेर मोठा आणि डोकं लहान. ते रोगट समजून नोंदवलं तर सगळा हिशोबच चुकतो. शिवाय इथे ठेकेदारांनी लाकूड काढलं ते वारली मजुरांच्या घामावर. 23 मे 1945 ला झरी इथे वारल्यांनी वेठबिगार न करण्याचा निर्धार केला. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने लढलेल्या त्या लढ्यात पुढे जंगलतोडीच्या मजुरीचा प्रश्नही ऐरणीवर आला. इथली आजची झाडं वाचायची, तर हा इतिहासही वाचावा लागतो. कुठलं झाड कधी छाटलं, कुठे वणवा गेला, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. वणवा उन्हाने आपोआप लागतो, असंही सर्रास सांगितलं जातं. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात, कधी चुकून, कधी मुद्दाम.

धोक्याबद्दलही असंच. पालक वाघ-बिबट्याला घाबरतात. मुलांना त्रास होतो तो उन्हाचा. पहाटे काम सुरू करावं, अकराच्या आत सावलीला यावं, पाणी जवळ असावं. दगड उलथताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलावा, म्हणजे खालचा विंचू किंवा फुरसं समोरच्या बाजूने निघून जातं. लाल विंचवाचा दंश कोकणात जीव घ्यायचा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून मृत्यू खूप कमी झाले. साप चावला तर आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, थेट दवाखाना गाठावा.

शेवटचा गैरसमज शिक्षकांमध्येही दिसतो : रान सरकारी आहे, तेव्हा वनखात्याचं पत्र मिळालं की झालं. ते पत्र लागतंच. पण तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतो. इथे ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आहे आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. ज्यांच्या रानात मोजमाप करायचं, त्यांना आधी विचारायला हवं. जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची लोकजैवविविधता नोंदवहीही असते. विद्यार्थ्यांनो, परतण्याआधी तुमच्या नोंदींची एक मराठी प्रत ही नोंदवही ठेवणाऱ्या गावच्या जैवविविधता समितीकडे द्या, आणि जमलं तर पावसाळ्यात त्याच नंबरांच्या झाडांकडे पुन्हा जा.