इंटरनेटची दुसरी वाट : फायरवॉल राउटरला डोंगल जोडताना

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या शाळेच्या संगणक कक्षात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे चालू होते. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांच्या प्रती चढवायच्या आणि मुदतीच्या आत अर्ज सादर करायचा, असे ते काम. मुदतीला दोन दिवस उरले होते. त्या दुपारी रस्त्याकडेला नाली खोदणाऱ्या जेसीबीच्या दातात फायबरची केबल सापडली आणि शाळेचे इंटरनेट बंद पडले. केबल जोडली जाण्यास तीन दिवस लागतील, असा निरोप आला.

माजी विद्यार्थी या नात्याने, आणि अकोल्यात संगणक-जाळ्यांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करीत असल्याने, मला बोलावणे आले. कार्यालयातून सांगण्यात आले, "काळजी नाही, आपल्याकडे एक डोंगल आहे." ते खरे होते. डोंगल कपाटात होते, पेटीसह होते. मात्र खरेदी केल्यापासून ते एकदाही राउटरला जोडून पाहिलेले नव्हते. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणजे काय, हे त्या संध्याकाळी आम्ही सर्वांनी अनुभवले. त्या अनुभवातून हाती आलेली माहिती आपल्यासारख्या इतर संस्थांना, तसेच घरी किंवा दुकानात अशी सोय करू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना उपयोगी पडावी, म्हणून हा लेख.

वऱ्हाड आणि शेवटचा मैल

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत, टेलिफोनच्या तारेवरून. आपल्या भागात ते पोहोचले ते टप्प्याटप्प्याने, आणि आजही सर्वत्र सारखे पोहोचलेले नाही. मेळघाटातील धारणी तालुक्यातले हरिसाल हे गाव २०१६ साली डिजिटल गाव म्हणून पुढे आणले गेले, तेव्हा साऱ्या राज्याचे लक्ष तिकडे वळले होते. डोंगरदऱ्यांत तार नेणे कठीण, हे समजण्यासारखे आहे. पण सपाट प्रदेशातही शेवटचा मैल अवघडच असतो. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची नोंद जागतिक विक्रम म्हणून झाली. त्याच महामार्गापासून आत वळलेल्या एखाद्या शाळेची केबल तुटली, तर ती जोडायला मात्र तितकाच किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. म्हणून जमिनीतल्या तारेबरोबर हवेतली एक वाट हाताशी असणे आवश्यक ठरते.

मोबाइलचा हॉटस्पॉट का नको?

हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. एखाद्या शिक्षकाचा मोबाइल टेबलावर ठेवून दोन संगणक चालवता येतात, हे खरे. परंतु तो शिक्षक घरी गेला की इंटरनेटही घरी जाते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. निवासी शाळेत फायरवॉल राउटर हा पहारेकरी असतो. बाहेरून कोण आत येते, आतून कोण कोठे जाते, मुलांच्या संगणकांवर कोणती संकेतस्थळे उघडतात, रात्री किती वाजता जाळे बंद होते, हे सर्व तो ठरवतो. हॉटस्पॉट म्हणजे त्या पहारेकऱ्याला वळसा घालून मागच्या भिंतीला पाडलेले भगदाड होय. म्हणून मोबाइलची वाटसुद्धा त्याच्याच दारातून आली पाहिजे.

आपल्या शाळेचा राउटर म्हणजे एक जुना संगणक आहे. त्यात दोन नेटवर्क कार्डे असून त्यावर पीएफसेन्स ही मोफत प्रणाली चालते. २००४ साली एमझिरोएनवॉल या प्रकल्पातून फुटून निघालेली ही प्रणाली फ्रीबीएसडीवर उभी आहे. तिच्यातूनच २०१५ मध्ये ओपीएनसेन्स निघाली. लहान राउटरांवर चालणारी ओपनडब्ल्यूआरटी लिनक्सवर आधारलेली आहे. पडद्यावरील नावे वेगळी असली, तरी पुढे सांगितलेला क्रम सर्वत्र लागू पडतो.

पहिले सोंग : "मी सीडी आहे"

आम्ही डोंगल खोचले. त्यावरचा दिवा लागला, पण राउटरच्या यादीत मॉडेम दिसेना. भोजनगृहातल्या मावशी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दिवा तं लागते ना जी, मंग नेट काहून नाई लागत?" प्रश्न अगदी अचूक होता. दिवा लागणे म्हणजे वीज पोहोचणे. त्याहून अधिक काही नाही.

उत्तर सापडले ते नववीतल्या एका विद्यार्थ्याला. राउटरच्या पडद्यावर उमटलेल्या ओळी तो वाचत होता. तो ओरडला, "सर, हे तं सोताले सीडी सांगून राह्यलं!"

तसेच होते. यूएसबीचे कोणतेही उपकरण जोडताच आपली ओळख सांगते : बनवणाऱ्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि वस्तूचा प्रकार. यातील अनेक डोंगले विंडोज संगणकांसाठी बनवलेली असल्याने आधी स्वतःला सीडी म्हणवतात. त्या खोट्या सीडीत विंडोजसाठीचे सॉफ्टवेअर असते. ते बसवले की तेच डोंगलला आज्ञा देते, 'आता मॉडेम हो.' आपल्या राउटरवर विंडोज नाही, तेव्हा ती आज्ञा देणारे कोणी नाही. फ्रीबीएसडीतील मॉडेमचा चालक ओळखीच्या डोंगलांना ही आज्ञा आपोआप देतो. लिनक्सवर यूएसबी मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम तेच काम करतो. आमचे डोंगल त्या यादीत नसावे. ते आम्ही विंडोजच्या संगणकाला लावले आणि सीडीचे सोंग कायमचे बंद करण्याची आज्ञा दिली. अशी सोय काही कंपन्यांच्या डोंगलांत असते. परत राउटरला लावताच मॉडेम दिसू लागला.

येथे विजेचाही विचार करावा. यूएसबी २ च्या खोबणीतून नियमाने ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. टॉवर दूर असेल, तर डोंगलला जोरात 'बोलावे' लागते आणि ते अधिक वीज ओढते. जुन्या संगणकाच्या पुढच्या खोबण्या अशक्त असतात. डोंगल मध्येच नाहीसे होऊन पुन्हा उगवत असेल, तर ते मागच्या खोबणीत किंवा स्वतंत्र वीज असलेल्या हबला लावावे. आपल्याकडच्या मे महिन्यात ते उन्हाच्या बाजूच्या खिडकीतही ठेवू नये.

मॉडेमला प्रश्न विचारण्याची रीत

मॉडेम ओळखला गेला, की त्यातून एक नव्हे, दोन-तीन दारे उघडतात. एक दार डेटासाठी असते, बाकीची तपासणीसाठी. टर्मिनलमधून प्रत्येक दारावर इंग्रजी 'ए' आणि 'टी' ही दोन अक्षरे टाइप करून एंटर दाबावे. 'ओके' असे उत्तर आले, तर आत कोणी जागे आहे. ही भाषा १९८१ साली हेज कंपनीने टेलिफोनच्या मॉडेमसाठी बनवली होती. मधल्या काळात तार गेली, टेलिफोन गेला, पण बोटाएवढ्या डोंगलमध्ये ती भाषा अजून जिवंत आहे.

पुढचे प्रश्न क्रमाने विचारावेत. आधीच्या प्रश्नाचे उत्तर नीट आल्याशिवाय पुढच्या प्रश्नाकडे जाऊ नये.

पहिला प्रश्न सिमचा : एटी+सीपीआयएन? 'रेडी' असे उत्तर यावे. पिन मागितला, तर अंदाजाने आकडे टाकू नयेत. तीन चुकांनंतर सिम बंद होते आणि मग पीयूके क्रमांक लागतो.

दुसरा प्रश्न ताकदीचा : एटी+सीएसक्यू. उत्तरातला पहिला आकडा ० ते ३१ असतो; ९९ म्हणजे काहीच कळत नाही. आकडा १० च्या खाली असेल, तर पुढे त्रास होणार हे धरून चालावे. संगणक कक्षाच्या स्लॅबखाली आम्हाला ७ मिळाला. यूएसबीची लांब वायर लावून डोंगल खिडकीशी नेले, तेव्हा तो १६ झाला. मात्र यूएसबी २ ची वायर पाच मीटरहून लांब नसावी.

तिसरा प्रश्न नोंदणीचा : एटी+सीआरईजी? उत्तरातला दुसरा आकडा १ असेल तर आपल्या कंपनीच्या जाळ्यात नोंद झाली. ५ म्हणजे रोमिंग. २ म्हणजे अजून शोध चालू. ३ म्हणजे नकार.

आमचा घोडा येथेच अडला. आकडा २ वरून हलेना. कारण साधे होते. डोंगल थ्रीजीचे होते आणि त्यातले सिम जिओचे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या त्या जाळ्यात थ्रीजी कधी नव्हतेच. सिम चांगले, डोंगल चांगले, पण दोघांची भाषा वेगळी. थ्रीजी अजून चालू असलेल्या कंपनीचे सिम मागवून घातले आणि आकडा १ झाला. डोंगल घेण्यापूर्वी ते कोणत्या पिढीचे आहे आणि आपल्या गावात त्या पिढीचे जाळे चालू आहे काय, हे आधी पाहावे. आज नवीन घ्यायचे, तर फोरजीचेच घ्यावे.

जोडणी

आता पीएफसेन्सच्या इंटरफेस विभागात पीपीपी प्रकारची जोडणी तयार करावी. डेटाचे दार निवडावे. फोन क्रमांक म्हणून *९९# टाकावा. हा कोणाचा क्रमांक नसून 'डेटा सुरू कर' अशी खूण आहे. त्यानंतर एपीएन, म्हणजे कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे नेणाऱ्या दाराचे नाव. बीएसएनएलसाठी 'बीएसएनएलनेट', जिओसाठी 'जिओनेट', एअरटेलसाठी 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', ही नावे इंग्रजी लिपीत लिहावीत. एका अक्षराची चूक झाली, तरी नोंदणी होते, पण डेटा मिळत नाही. शेवटी ही जोडणी नवीन इंटरफेस म्हणून नेमून चालू करावी; हे अखेरचे पाऊल बरेच जण विसरतात.

हल्लीची अनेक फोरजी डोंगले मॉडेमऐवजी स्वतःला नेटवर्क कार्ड म्हणवतात. त्यांना फोन क्रमांक लागत नाही. एपीएन त्यांच्याच पानावर, बहुधा १९२.१६८.८.१ या पत्त्यावर, भरायचा असतो. शाळेच्या आतल्या जाळ्याची पत्तामालिका तीच नसावी, एवढी काळजी घ्यावी.

वाट आपोआप बदलावी म्हणून

फायबर तुटताच राउटरने स्वतः मोबाइलकडे वळावे, यासाठी दोन्ही वाटांचा एक गट करतात : फायबर पहिल्या स्तरावर, डोंगल दुसऱ्या स्तरावर, आणि तो गटच मुख्य वाट म्हणून नेमतात. येथे एक खाच आहे. वाट चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी राउटर समोरच्या टोकाला सतत हाक मारतो. मोबाइल कंपनीचे ते टोक बहुधा हाकेला ओ देत नाही, आणि चालू वाट राउटरला मेलेली वाटते. म्हणून हाक मारण्यासाठी बाहेरचा पत्ता द्यावा : एका वाटेला ८.८.८.८, दुसरीला १.१.१.१. मोबाइलचे उत्तर उशिरा येते, तेव्हा विलंबाची मर्यादाही वाढवून ठेवावी.

वाट बदलते तेव्हा चालू कामे तुटतात, कारण बाहेर दिसणारा आपला पत्ता बदलतो. अर्ज भरणाऱ्याने अशा वेळी पुन्हा लॉगिन करावे. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्याआड ठेवतात, त्यामुळे बाहेरून शाळेचे कॅमेरे पाहणे डोंगलवरून होत नाही. तो बिघाड समजू नये.

डेटा मोजका असतो. म्हणून मोबाइलच्या वाटेवरून केवळ कार्यालय आणि संगणक कक्ष यांनाच जाऊ द्यावे, असा नियम फायरवॉलमध्ये घालावा. नाहीतर दिवसभराचा साठा एखाद्या मोबाइलच्या अद्ययावतीकरणात संपतो. आणखी एक : डोंगलमध्ये कोणाचेही आधारशी जोडलेले सिम घालू नये. ओटीपीचा संदेश डोंगलच्या पोटात जातो आणि अर्जदार मोबाइल हातात धरून वाट पाहत बसतो. आमच्या बाबतीत त्या संध्याकाळी अर्धा तास असाच गेला.

कपाटातली सोय ही सोय नव्हे

रात्री नऊच्या सुमारास पहिला अर्ज सादर झाला. वेग फारच कमी होता. एकेक दाखला चढायला मिनिटे लागत. मुलामुलींनी पाळ्या लावून घेतल्या. उरलेले अर्ज दुसऱ्या दिवशी आणि मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी गेले. कोणाचाही अर्ज राहिला नाही. ज्यांच्या घरी ही रक्कम आली नसती, तर बारावीनंतरच्या प्रवेशाचाच प्रश्न पडला असता, अशी मुले त्या रांगेत होती. मीही एके काळी अशाच रांगेत होतो. त्या वेळी अर्ज कागदाचे होते, एवढाच फरक.

त्यानंतर शाळेने फोरजीचे डोंगल घेतले. त्याहून मोलाचे म्हणजे एक वही केली. तीत डोंगलचा प्रकार, सिमचा क्रमांक, एपीएन, कोणते दार चालते आणि वरच्या प्रश्नांची उत्तरे लिहिलेली आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली फायबरची वायर दहा मिनिटे काढून ठेवतात, वाट बदलते काय ते पाहतात आणि तारखेसह नोंद करून सही करतात. सीडीचे सोंग ओळखणारा तो विद्यार्थी आता अकरावीत आहे. गेल्या वेळी त्याने नववीतल्या दोघांना ते काम शिकवले, आणि वहीत आता त्यांच्या सह्या आहेत.