परदेशातील स्वाक्षरी, मांजरीतील घर

पुणे–दौंड लोहमार्गावरील मांजरी हे अगदी अलीकडेपर्यंत शेतीचे गाव होते. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि मळ्यांशेजारी उभ्या राहिलेल्या इमारतींना शहराचा पत्ता मिळाला.

अशा एखाद्या इमारतीत वडिलांनी तीन भावंडांच्या नावे सदनिका घेतली आहे, असे समजावे. थोरला दुकान सांभाळतो, धाकटा दुबईत आहे, बहीण अमेरिकेत स्थायिक झाली आहे. वडिलांच्या उपचारांसाठी सदनिका विकण्याचे ठरते. तिघांचे एकमत असते. धाकटा आणि बहीण कुलमुखत्यारपत्रावर स्वाक्षरी करून कागद कुरिअरने पाठवितात. दुय्यम निबंधक कार्यालयात मात्र ते कागद चालत नाहीत. घरात शब्द पुरेसा असतो. कार्यालयाला स्वाक्षरीची ओळख पटावी लागते.

नोंदणी अधिनियम, १९०८ याच्या कलम ३३ नुसार भारताबाहेर राहणाऱ्याने असे पत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यासमोर करून त्यांच्याकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. केवळ दोन साक्षीदार भागत नाहीत. दुबईतील भावाने पासपोर्टसह भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन स्वाक्षरी करणे, हा त्याच्यासाठी सरळ मार्ग होय.

बहिणीपुढे आणखी एक वाट आहे. तेथील नोटरीसमोर स्वाक्षरी करून त्या राज्याच्या शासनाकडून ‘अपोस्टिल’ प्रमाणपत्र जोडून घेता येते. ही पद्धत ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून आली. भारतासाठी ती १४ जुलै २००५ पासून लागू झाली. करारात नसलेल्या देशांतील कागदांना तेथील परराष्ट्र खाते आणि मग भारतीय दूतावास अशा पायऱ्या चढाव्या लागतात.

येथे दोन गैरसमज हमखास होतात. पहिला असा की, परदेशी कागदावर दिल्लीहून अपोस्टिल मिळेल. आपले परराष्ट्र मंत्रालय भारतीय कागदांनाच अपोस्टिल देते. परदेशी कागदाचे प्रमाणन त्याच्या मूळ देशातच होते. दुसरा असा की, अपोस्टिल म्हणजे मजकुराची हमी. ते फक्त स्वाक्षरी, अधिकारपद आणि शिक्का यांची ग्वाही देते. मजकुरात सदनिकेचा क्रमांक चुकला असेल, तर तो चुकलेलाच राहतो. म्हणून पासपोर्टवरील आणि खरेदीखतावरील नावाची अक्षरे आधीच ताडून पाहावीत. विवाहानंतर बदललेल्या आडनावाचा पुरावा सोबत ठेवावा.

कागद महाराष्ट्रात पोहोचल्यावरही एक मुदत सुरू होते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे राज्याबाहेर झालेल्या दस्तावर, तो येथे प्रथम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावा लागतो. हा दिवस सिद्ध करण्यासाठी कुरिअरचा लिफाफा आणि पावती जपून ठेवणे शहाणपणाचे. वहीखाते चोख ठेवणाऱ्या घरांना ही सवय नवी नाही.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या निधनाबरोबर संपते. त्यानंतर मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि पुन्हा तीच प्रमाणनाची फेरी वाट्याला येते. आजारपणाच्या धावपळीत हे सारे जुळविणे जड जाते. भावंडे सुट्टीत गावी येतात, तेव्हाच खरेदीखत एकत्र बसून वाचावे आणि पुढची तजवीज शांतपणे करून ठेवावी.