मुलाखतीच्या खुर्चीत : ‘आम्ही’ की ‘मी’?

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांचा सौदीचा प्रवास विमानतळावर नव्हे, तर मुंबईतल्या एखाद्या एजंटच्या ऑफिसात सुरू झाला. हातात फाईल, फाईलीत सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स आणि सकाळी सातपासून जिन्यात लागलेली रांग. आठवतंय ना?

माझ्या पहिल्या मुलाखतीत मी नापास झालो, हे आधीच सांगून टाकतो. पाच वर्षं पाइपिंगचं काम केलेलं. साहेबांनी विचारलं, “शटडाउनमध्ये तुमच्याकडे काय होतं?” मी म्हणालो, “आम्ही लाइन टाकली, आम्ही टेस्ट घेतली.” त्यांनी तीनदा विचारलं, तीनदा मी ‘आम्ही’च म्हणालो. त्यांनी फाईल मिटली. घरी येऊन आईला सांगितलं, “तिथे वशिला लागतो गं.”

खरं कारण कळलं ते पुढे जुबेलच्या कामासाठी माणसं निवडायला मी स्वतः टेबलाच्या पलीकडे बसलो तेव्हा. आपल्या घरांत ‘मी, मी’ करणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. संस्कार चांगलाच आहे. पण समोरच्याला तुमच्या अख्ख्या कारखान्याला नोकरी द्यायची नसते, एकट्या तुम्हाला द्यायची असते!

वेल्डरची परीक्षा त्या मानाने सोपी. 6जी टेस्टमध्ये पाइप 45 अंशांत तिरका, पक्का बसवलेला असतो. तो फिरवायचा नाही, माणसाने स्वतः फिरायचं. एकदा एक मुलगा आला, इंग्रजी जेमतेम. त्याने टॉर्च हातात घेण्याआधी विचारलं, “साहेब, 7018 रॉड ओव्हनमधला आहे ना?” रॉडला ओल लागली की वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो आणि पुढे तडा जातो. तेवढ्या एका प्रश्नाने आम्ही निम्मे निश्चिंत झालो. उरलेलं एक्स-रेने सांगितलं.

इंजिनियरच्या बाबतीत मात्र बोलण्यावरूनच ठरवावं लागतं. माझा एक ठरलेला प्रश्न असे : “हायड्रोटेस्ट चालू आहे, प्रेशर हळूहळू उतरतंय. काय कराल?” एक जण कोडमधला दीडपटीचा नियम धडाधड म्हणून गप्प बसला. दुसरा थोडा थांबून म्हणाला, “आधी पाण्याचं तापमान उतरलंय का बघीन. मग गेज, फ्लँज, व्हॉल्व्ह. एकदा मी हवा पूर्ण काढली नव्हती, रात्रभर गळती शोधत बसलो.” आपली चूक त्याने स्वतःहून सांगितली. आम्ही त्यालाच घेतलं.

हे माझं एकट्याचं मत नाही हं. श्मिट आणि हंटर या अभ्यासकांनी 1998 साली अनेक वर्षांचं संशोधन एकत्र करून दाखवलं, की मोकळ्या गप्पांपेक्षा सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारून गुण देणारी मुलाखत माणूस अधिक अचूक ओळखते. सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या 2022 च्या फेरतपासणीतही अशी मुलाखत सगळ्यांत वर आली. म्हणजे टायपेक्षा उदाहरण महत्त्वाचं : प्रसंग काय होता, माझ्यावर काय सोपवलं, मी काय केलं, निष्पन्न काय झालं.

नापास होण्याचं आणखी एक कारण म्हणजे फुगवलेला बायोडेटा. एजंट तीन वर्षांचे सात करून देतो आणि दुसऱ्याच प्रश्नाला फुगा फुटतो. शिवाय 2021 साली सुरू झालेल्या सौदीच्या कौशल्य-पडताळणी कार्यक्रमामुळे प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा कारागिरांची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा आता भारतातच होते. तिथे खोटं किती टिकणार?

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे माझा सांगलीकडचा पुतण्या. गेल्या महिन्यात मुलाखतीत पडला. एजंट म्हणाला, “दीड लाख द्या, पुढच्या वेळी पास करून देतो.” वहिनींनी पाटल्या काढून ठेवल्या होत्या. मी फोनवरच ओरडलो. भारत सरकारच्या नियमाने नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. पास करून देण्याचा दर नियमात कुठेच नाही.

मग त्याला विचारलं, “तू स्वतः काय केलंस ते सांग.” तो म्हणाला, “काका, आम्ही…” मला हसू आलं आणि पोटात कालवलंही. चार शुक्रवार फोनवर दोघं बसलो. चौथ्या शुक्रवारी तो म्हणाला, “काका, मी पंप उघडला. बेअरिंग मी उलटं बसवलं होतं, मीच दुरुस्त केलं.”

दुसरी मुलाखत परवा झाली. निकाल अजून यायचाय. पाटल्या मात्र वहिनींच्या हातात परत आल्यात.

तेव्हा मंडळी, सुट्टीत गावी जाल तेव्हा खजूर, अत्तर जरूर न्या. पण घरातल्या एखाद्या पोराला अर्धा तास समोर बसवून एवढंच विचारा, “बाळा, तू काय केलंस?”